मुदत संपलेल्या फ्लेअरला वाली कोण?

अमेरिकेत समुद्रात किंवा ग्रेट लेक्समध्ये बोट न्यायची असेल आणि ती १६ फूट किंवा त्याहून लांब असेल, तर संकटाची खूण करणारी साधनं बोटीवर ठेवावीच लागतात. बहुतेक बोटवाले त्यासाठी फ्लेअर, म्हणजे पेटवून खूण करायच्या नळ्या, घेतात. दिवसाही चालतील आणि रात्रीही, अशा किमान तीन. प्रत्येक नळीवर मुदतीची तारीख छापलेली असते आणि ती बनवल्यापासून ४२ महिन्यांची असते. तारीख उलटली की तटरक्षक दलाच्या तपासणीत ती नळी हिशेबात धरली जात नाही. बोटवाला मुकाट्यानं नव्या तीन घेतो. जुन्या तिन्हींचं काय करायचं, याबद्दल तो नियम एक अक्षर बोलत नाही.

हे प्रकरण त्या जुन्या तीन नळ्यांबद्दल आहे. प्लास्टिकच्या डोंगरापुढे किंवा ई-कचऱ्यापुढे ही वस्तू अगदीच किरकोळ वाटेल, आणि वजनाच्या हिशेबानं ती किरकोळ आहेच. पण उत्पादकाची जबाबदारी कुठे संपते, हा प्रश्न इतक्या उघड्यावाघड्या स्वरूपात दुसऱ्या कुठल्याच वस्तूत दिसत नाही. फ्लेअर विकत घ्यायला सरकार सांगतं. ती किती दिवसांनी बाद होईल हेही सरकारच्याच नियमात बसवलेलं असतं. बनवणारा विकून मोकळा होतो. आणि ती बाद झाली की नगरपालिका, अग्निशमन दल, दुकानदार, तटरक्षक दल यांपैकी सहसा कोणीही हात लावायला तयार नसतं.

आधी ही चीज नेमकी काय असते ते पाहू. हातात धरायच्या फ्लेअरला खाली मूठ आणि वर मसाला भरलेली नळी असते. टोपण काढायचं, टोपणाच्या खरखरीत बाजूवर नळीचं टोक घासायचं आणि पेटली की बोटीच्या कठड्याबाहेर हात काढून, वारा जिकडे वाहतो आहे त्या बाजूला धरायची. कारण तिच्यातून वितळलेला, रसरशीत मसाला ठिबकत असतो. तो रबरी तराफ्यावर पडला तर वाचायला निघालेले लोक पाण्यात जातील. रसायनाच्या दृष्टीनं ही दिवाळीतल्या लाल भुईनळ्याची चुलत बहीण. मॅग्नेशियम जळण्यासाठी, स्ट्रॉन्शियम नायट्रेट लाल रंगासाठी, आणि पोटॅशियम परक्लोरेट प्राणवायू पुरवण्यासाठी.

मोठ्या जहाजांवरचं सामान याहून दमदार असतं. समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराखालचे, म्हणजे ‘सोलास’चे निकष वाचताना आदर वाटतो. पॅराशूट रॉकेट किमान ३०० मीटर उंच गेलं पाहिजे, तिथे ३०,००० कँडेला उजेडानं किमान ४० सेकंद जळलं पाहिजे आणि सेकंदाला ५ मीटरपेक्षा वेगानं खाली येता कामा नये. हातातली फ्लेअर १५,००० कँडेलानं पूर्ण एक मिनिट जळली पाहिजे, आणि १० सेकंद १० सेंटिमीटर पाण्याखाली बुडवली तरी विझता कामा नये. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून मर्चंट नेव्हीत गेलेल्या कुणालाही विचारा. ब्रिजवरची १२ पॅराशूट रॉकेट आणि लाइफबोटीतल्या फ्लेअर यांच्या तारखा तपासण्याचं काम त्यानं कधी ना कधी केलेलं असतं.

पाण्याखालीही न विझण्याचा तो निकष लक्षात ठेवा. फ्लेअरला बाहेरच्या हवेची गरज नसते, कारण प्राणवायू मसाल्यातच कोंबलेला असतो. वादळात, लाटांच्या माऱ्यात ती जीव वाचवते ती याच गुणामुळे. आणि कचऱ्याच्या गाडीत ती पेटली तर दाबून, झाकून किंवा चार बादल्या पाणी ओतून आटोक्यात येत नाही तीही याच गुणामुळे. तारीख उलटली म्हणजे मसाला मेला असं मुळीच नाही. तारखेनंतर ती नीट पेटेलच याची हमी बनवणारा देत नाही, एवढाच तिचा अर्थ. ती पेटेल, पेटणार नाही, किंवा हातात भलतीकडूनच पेटेल. शेवटची शक्यता सगळ्यात वाईट.

मग लोक काय करतात? बहुतेक जण काहीच करत नाहीत. ‘असू दे, लागली तर’ म्हणून जुन्या नळ्या गॅरेजच्या कोपऱ्यात जातात, त्यांवर पुढच्या तीन येतात, मग आणखी तीन. काही गुपचूप घरच्या कचऱ्यात टाकतात. काही ४ जुलैच्या, म्हणजे अमेरिकी स्वातंत्र्यदिनाच्या, आतषबाजीत उडवतात. हे सगळ्यात घातक, कारण लाल फ्लेअर ही आंतरराष्ट्रीय नियमांनुसार संकटाची खूण आहे आणि संकट नसताना ती दाखवायला बंदी आहे. किनाऱ्यावरून कोणी फोन केला की बचावपथक निघतं. मजेखातर पेटलेल्या नळीमागे हेलिकॉप्टर फिरतं आणि नेमक्या त्याच वेळी खरा बुडणारा दुसरीकडे असू शकतो. उरलेल्यांना कोणीतरी शहाणा सल्ला देतो की बादलीत भिजत घाला, निकामी होईल. नळी ओल लागू नये अशीच बनवलेली असते, त्यामुळे ती निकामी होईलच याचा भरवसा नाही. आणि मसाल्यापर्यंत पाणी पोहोचलंच, तर परक्लोरेट त्या बादलीत उतरतं. ती बादली शेवटी मोरीत किंवा बागेत ओतली जाते.

परक्लोरेट पाण्यात गेल्यानं काय होतं, याचं उत्तर कॅलिफोर्नियातल्या मॉर्गन हिल या गावानं फार मोठी किंमत देऊन शोधलं आहे.

सॅन होजे शहराच्या दक्षिणेला, सांता क्लारा खोऱ्यात हे गाव आहे. तिथल्या टेनंट अव्हेन्यूवर १९५०च्या दशकाच्या मध्यापासून फ्लेअरचा एक कारखाना होता. आधी ऑलिन कंपनीचा, मग १९८८ पासून स्टँडर्ड फ्यूझी या कंपनीकडे. रस्त्यावर गाडी बंद पडली की मागून येणाऱ्यांना सावध करणाऱ्या लाल फ्लेअर तिथे बनत. बोटींसाठी ‘ओरायन’ नावानं फ्लेअर विकणारी कंपनी ती हीच स्टँडर्ड फ्यूझी. जवळपास ४० वर्षं चालून १९९०च्या दशकात कारखाना बंद झाला. उत्पादनातलं सांडपाणी आवारातच जिरत राहिलं होतं. २००० साली त्या जागेच्या तपासणीत जमिनीखालच्या पाण्यात परक्लोरेट सापडलं. तरीही ते आवारापुरतंच असेल असं पुढची दोन-तीन वर्षं धरून चाललं होतं. मग आजूबाजूच्या विहिरी तपासल्या गेल्या. परक्लोरेटचा पट्टा आग्नेयेला सॅन मार्टिन गाव ओलांडून, लसणासाठी प्रसिद्ध असलेल्या गिलरॉयच्या दिशेनं सुमारे १० मैल पसरलेला निघाला. शेकडो खासगी विहिरी त्यात सापडल्या. स्वतःच्या विहिरीचं पाणी पिणाऱ्या कुटुंबांच्या दारात बाटलीबंद पाणी येऊ लागलं. ते कंपनीनं पुरवावं, असा जलनियामक मंडळाचा आदेश होता.

परक्लोरेट एवढ्या लांब गेलं कसं? ते पाण्यात चटकन विरघळतं, मातीच्या कणांना चिकटत नाही, आणि जमिनीखाली सहजासहजी त्याचं विघटन होत नाही. पाणी जाईल तिथे तेही जातं. आणि शरीरात गेल्यावर ते थायरॉइड ग्रंथीला फसवतं. रक्तातलं आयोडीन ओढून घेणारी त्या ग्रंथीची जी वाट आहे, तिथे परक्लोरेटचा आयन आयोडाइडच्या आधी घुसून जागा अडवतो. हा परिणाम इतका भरवशाचा आहे की एके काळी थायरॉइडच्या अतिक्रियेवर परक्लोरेट औषध म्हणून देत असत. धट्ट्याकट्ट्या माणसाला अगदी थोड्या मात्रेनं फारसा फरक पडत नाही. काळजी असते ती गर्भवतींची आणि त्यांच्या पोटातल्या बाळांची, कारण बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉइडवर अवलंबून असते. म्हणून कॅलिफोर्नियानं २००७ मध्ये पिण्याच्या पाण्यातली मर्यादा अब्जात ६ भाग एवढी ठेवली. मॅसॅच्युसेट्सनं त्याआधीच ती अब्जात २ अशी, आणखी कडक केली होती.

अब्जात ६ म्हणजे किती, हे आपल्याकडच्या टंचाईच्या मापानं मोजून पाहता येईल. एक ग्रॅम परक्लोरेट १०,००० लिटरचे १६ टँकर त्या मर्यादेला नेऊन भिडवतं. एका नळीत कित्येक ग्रॅम असू शकतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर वाचकाची दिशाभूल होईल. मॉर्गन हिलचं पाणी बोटवाल्यांनी फेकलेल्या नळ्यांनी बिघडलं नाही. ते कारखान्याच्या सांडपाण्यानं बिघडलं. दोन्हींत समान आहे ते रसायन, आणि तेवढं पुरेसं आहे. एका जागी साचलेल्या परक्लोरेटला निदान एक मालक होता, ज्याला आदेश देऊन पाणी पुरवायला लावता आलं. हजारो गॅरेजांतून, बादल्यांतून आणि कचराभूमींतून थोडं थोडं झिरपणाऱ्याला तसा मालक सापडत नाही.

नीट विल्हेवाट लावायची तर अडचण पैशांची येते. वाहतुकीच्या नियमांत फ्लेअर विस्फोटकांच्या वर्गात मोडते. अमेरिकेतल्या काउंट्यांमध्ये, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांमध्ये, घरगुती घातक कचरा स्वीकारणारी केंद्रं असतात. रंग, कीटकनाशकं, बॅटऱ्या, जुनं तेल ती घेतात, पण विस्फोटक दिसलं की बहुतेक ठिकाणी दारातूनच परत पाठवतात. कारण ते ठेवायला वेगळी कोठी, न्यायला वेगळा परवाना आणि जाळायला वेगळं केंद्र लागतं. अशी केंद्रं मोजकीच, आणि त्यांचाही इतिहास फारसा उजळ नाही. लुइझियानातल्या कोलफॅक्स गावाजवळच्या व्यावसायिक केंद्रात देशभरातला विस्फोटक कचरा वर्षानुवर्षं उघड्यावर जाळला जाई, आणि त्या धुराविरुद्ध तिथल्या रहिवाशांना दीर्घकाळ भांडावं लागलं. एखादी काउंटी खास दिवस ठरवून फ्लेअर गोळा करते, तेव्हा तो खर्च करदात्यांच्या खिशातून जातो. ज्यानं जन्मात बोटीत पाय ठेवलेला नाही, तोही त्यात असतो.

सरकारनं खर्च उचलला की काय होतं, ते ब्रिटनमध्ये दिसलं. तिथे सागरी आणि तटरक्षक संस्था जुन्या फ्लेअर तटरक्षक दलाच्या ठरावीक ठाण्यांवर स्वीकारत असे. आधी वेळ ठरवायची, नळ्या नेऊन द्यायच्या, सुटका. ३१ डिसेंबर २०२१ रोजी ही सोय बंद झाली. आता बोटवाल्यानं विक्रेत्याकडे, मरीनाकडे किंवा पैसे घेऊन काम करणाऱ्या कंपनीकडे जावं, अशी अपेक्षा आहे. सोय चालू होती ती खर्च मंजूर होता म्हणून, आणि अंदाजपत्रकातली अशी ओळ खोडायला फार कष्ट पडत नाहीत. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सचं सागरी खातं गावोगाव फिरतं संकलन करतं, कॅनडात सरकारी पैशांतून संकलनाचे कार्यक्रम झाले आहेत. त्यांची उपयुक्तता नाकारण्याचं कारण नाही. पण हे सगळं पुढच्या वर्षीच्या मंजुरीवर टिकून असतं.

खर्च बनवणाऱ्यावर टाकावा, ही कल्पना तशी जुनी नाही. टोमास लिंडक्विस्ट या स्वीडिश अभ्यासकानं १९९० मध्ये तिला ‘उत्पादकाची विस्तारित जबाबदारी’ हे नाव दिलं. पुढच्याच वर्षी जर्मनीनं वेष्टणांच्या बाबतीत ती कायद्यात आणली. तिचा गाभा समजायला अवघड नाही. वस्तूची रचना, मसाला, आयुष्य हे सगळं एकाच पक्षाच्या हातात असतं. विल्हेवाटीचं बिल त्याच पक्षाकडे गेलं, तरच स्वस्तात आणि सुरक्षितपणे निकालात निघणारी वस्तू बनवण्यात त्याला रस वाटेल. बिल नगरपालिकेकडे जात असेल तोवर त्यानं डोकं का शिणवावं?

फ्लेअरच्या बाबतीत हे प्रत्यक्षात आणून दाखवलं ते फ्रान्सनं. किनाऱ्यापासून दोन सागरी मैलांपलीकडे जाणाऱ्या फ्रेंच नौकाविहाराच्या बोटीला तीन लाल हातफ्लेअर ठेवाव्या लागतात, म्हणजे मूळ अडचण अमेरिकेसारखीच. तिथल्या घातक घरगुती कचऱ्याच्या कायद्यात या वस्तूंचा समावेश झाला, आणि त्या बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांना मिळून ‘आपेर पायरो’ ही संस्था उभी करावी लागली. नव्या नळीच्या किमतीत विल्हेवाटीचा छोटासा हिस्सा आधीच धरलेला असतो. बोटींचं सामान विकणाऱ्या दुकानात ग्राहक नवी घेतो आणि तितक्याच जुन्या काउंटरवर ठेवतो. त्याला वेगळं काही मोजावं लागत नाही. गोळा झालेला माल विशेष केंद्रात जाळून नष्ट होतो. गॅरेजांत आधीपासून साठलेला माल एकास एक या हिशेबात बसत नाही, म्हणून तो काढायला अधूनमधून खास मोहिमाही झाल्या.

या योजनेत मला सगळ्यात शहाणपणाची वाटते ती काउंटरची निवड. बोटवाला जुन्या नळ्या घेऊन शहराबाहेरच्या कुठल्याशा केंद्रावर शनिवारी सकाळी जाणार नाही. पण नवी घ्यायला दुकानात त्याला यावंच लागतं, कारण कायदा त्याला तिथे पाठवतो.

कॅलिफोर्नियात याच वाटेनं जाण्याचा प्रयत्न कॅथरीन ब्लेकस्पिअर या राज्य सिनेटरनी केला. एन्सिनिटास या किनाऱ्यावरच्या शहराच्या त्या पूर्वी महापौर होत्या, त्यामुळे नगरपालिकेच्या दारात येऊन पडणाऱ्या अशा अनाथ कचऱ्याचा त्यांना अनुभव असणार. २०२४ मधलं त्यांचं विधेयक कायद्यापर्यंत पोहोचलं नाही. २०२५ मध्ये त्यांनी सिनेट विधेयक ५६१ म्हणून ते नव्यानं मांडलं. उत्पादकांनी संकलनाची योजना आखायची, राज्याच्या विषारी पदार्थ नियंत्रण विभागाची तिला मान्यता घ्यायची आणि तिचा खर्च उचलायचा, असा या प्रयत्नांचा रोख होता.

उत्पादकांची बाजू सरसकट उडवून लावण्यासारखी नाही. मुदतीचा नियम आम्ही केला नाही, सरकारनं केला, असं ते म्हणू शकतात. त्यात तथ्य आहे. या धंद्यात कंपन्या मोजक्याच, त्यामुळे खर्च वाटून घ्यायला फार खांदे नाहीत. किंमत वाढली तर माणसं जुन्याच नळ्यांवर भागवतील आणि ऐन वेळी त्या पेटणार नाहीत, ही भीतीही निराधार नाही. पण नियमामुळे दर ४२ महिन्यांनी ठरलेलं गिऱ्हाईक चालत दुकानात येतं, हा नफा त्याच नियमाचा आहे. नियमाचा फायदा घ्यायचा आणि त्याच नियमानं निर्माण झालेला कचरा मात्र सरकारचा म्हणायचा, हे पटत नाही. आणि किंमत आजही कोणीतरी देतोच आहे. फक्त ती बिलावर दिसत नाही.

बिल उत्पादकाकडे गेलं तर वस्तू बदलेल का? बदलण्याजोगी ती आहे, एवढं नक्की सांगता येतं. न्यू जर्सीतल्या पिकॅटिनी आर्सेनलमध्ये अमेरिकी लष्कराच्या रसायनतज्ज्ञांनी हातातल्या लाल संकेतांसाठी परक्लोरेट नसलेले मसाले तयार करून दाखवले आहेत. बॅटरीवर चालणारे, ‘एसओएस’ची उघडझाप करणारे एलईडी दिवेही बाजारात आहेत. दिवसासाठी नारिंगी झेंडा जोडीला असेल, तर अमेरिकी तटरक्षक दल ठरावीक निकषांचा दिवा फ्लेअरऐवजी मान्य करतं. दिवा तासन्‌तास चालतो, हात भाजत नाही, मुदतीची कटकट नाही. मात्र उजेडात तो जळत्या मॅग्नेशियमच्या जवळपासही जात नाही, आणि खवळलेल्या समुद्रात लाल जाळ ओळखण्याची नजर खलाशांच्या पिढ्यांना लागलेली आहे. खोल समुद्रात जाणाऱ्यानं केवळ दिव्याच्या भरवशावर राहू नये, असं माझं मत. किनाऱ्यालगत तासाभराची फेरी मारणाऱ्याला दिवा पुरे.

आपल्याकडे हा प्रश्न अजून कोवळा आहे. मासेमारी नौकांसाठी फ्लेअरखेरीज इस्रोनं विकसित केलेलं, उपग्रहामार्फत संकटाचा संदेश देणारं उपकरणही आहे. नौकाविहाराच्या खासगी बोटी मुंबई, मांडवा, गोवा अशा मोजक्या ठिकाणी एकवटलेल्या आहेत. उत्पादकाच्या जबाबदारीचं तत्त्वही आपल्याला नवं नाही. प्लास्टिकची वेष्टणं, ई-कचरा, बॅटऱ्या, टायर, वापरलेलं तेल यांना ते लागू झालं आहे. त्या यादीत फ्लेअर नाही. विस्फोटकांचे परवाने देणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे. फ्लेअर बनवण्याच्या किंवा आयात करण्याच्या परवान्यातच ‘विकाल तितक्या जुन्या परत घ्याल’ अशी अट घालता आली, तर त्यासाठी नवं मंडळ, नवं कार्यालय लागू नये. बोटी थोड्या आहेत तोवरच हे स्वस्तात होईल.

तोपर्यंत ज्यांच्याकडे बोट आहे त्यांना एवढंच सांगणं. जुनी फ्लेअर पेटवू नका, भिजवू नका, समुद्रात किंवा घंटागाडीत टाकू नका. कोरड्या, थंड जागी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी, नव्या नळ्यांपासून वेगळी ठेवा. आणि पुढच्या खेपेला नव्या घेताना पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला विचारा की या परत कोण घेणार, आणि उत्तर बिलावर लिहून मागा.